गठ्ठ्यातला काउबॉय: जुनी वेस्टर्न कॉमिक्स पारखायची कशी, वाचायची कशी

रद्दीच्या गठ्ठ्यात घोड्यावरचा माणूस दिसला तर आधी कव्हर बघू नका. कव्हर सगळेच बघतात. कॉमिक डाव्या तळव्यावर आडवं ठेवा, मधोमध अलगद उघडा, आणि मधलं जोडपान दोन्ही पिनांत अडकलेलं आहे का ते बघा. नसेल तर बाकीचं कितीही कोरं असो, मी ते निम्म्या भावातच धरते.

आमचं रद्दीचं दुकान कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत. मामंजींनी घातलेलं, ते थकल्यापासून काट्याशेजारी मी बसते. वर्तमानपत्र किलोवर, वह्या-पुस्तकं वेगळी, पुठ्ठा वेगळा, आणि ‘चित्राची पुस्तकं’ मामंजी आपल्या खुर्चीखालच्या पेटीत टाकायचे. ती पेटी आता माझी. त्यात वेताळ, मॅण्ड्रेक सापडणं नवलाचं नाही, इंद्रजाल कॉमिक्स मराठीतूनसुद्धा निघत होती. पण अधूनमधून फौजेतून निवृत्त झालेल्या एखाद्याच्या घरातून, पाचगणीच्या निवासी शाळेत शिकलेल्या पोराच्या ट्रंकेतून किंवा बंद पडलेल्या भाड्याच्या वाचनालयातून अमेरिकन आणि इंग्लिश काउबॉय येतात. त्यांची पारख विचारायला लोक दुकानात येतात आणि गिऱ्हाइकं खोळंबतात, म्हणून एकदा सगळं लिहूनच काढते.

तर मधलं पान. कॉमिक म्हणजे मधोमध दुमडलेले ताव, एकात एक घातलेले, आणि पाठीवरून मारलेल्या दोन पिना. बाहेरच्या तावांना एकमेकांचा आधार असतो. सगळ्यात आतल्याला कुणाचाच नाही. वाचताना दर वेळी ओढ त्याच्यावर येते, भोकं मोठी होतात, आणि एक दिवस ते गळतं. हरवणारं पहिलं पान तेच. आता गंमत अशी की बऱ्याच अंकांत अर्ध्या वाटेच्या आसपासच ती किडुकमिडुक ठेवलेली असतात, जी साहसकथेच्या मागं धावणारा वाचक ओलांडून जातो: एका पानाचा विनोद, घोड्यांची माहिती आणि नुसत्या मजकुराची एक गोष्ट. हा मजकूर कुणाला वाचायचा होता म्हणून छापलेला नाही. अमेरिकेत टपालाचा मासिकांसाठीचा स्वस्त दर मिळवायला अंकात निदान दोन पानं तरी मजकूर असावा लागे. म्हणून गोळीबाराच्या मध्येच अचानक बारीक टायपात एखादी कथा येते. पोरं ती वाचत नसत. तुम्ही वाचा, काही काही लई बेकार असतात, त्यातच मजा आहे.

पानं मोजायला शिका. मोजणी अगदी सोपी आहे. १९४०च्या दशकाच्या शेवटी पुष्कळ अंक कव्हरसकट ५२ पानांचे असत, म्हणजे कव्हरची चार पानं सोडून आत २४ पत्रं (एक पत्र म्हणजे पुढची-मागची मिळून दोन पानं), आणि मध्य २४-२५ पानांवर. पुढं ३६ पानांचे झाले; आत १६ पत्रं, मध्य १६-१७ वर. पानावर आकडा छापलेला असेलच असं नाही, म्हणून बोटानं पत्रं मोजा. मधल्या जोडपानाच्या अलीकडं आणि पलीकडं पत्रं सारखीच भरली पाहिजेत. एखादा विकणारा सराईत असला तर गळालेलं पान काढून टाकून पिना दाबून देतो, आणि अंक दिसायला तंदुरुस्त दिसतो. एकूण पत्रं मोजल्यावरच कळतं.

वय कसं ओळखायचं

वय सांगायला किंमत पुरते. अमेरिकन कॉमिक १९६१ पर्यंत १० सेंटला मिळे. १९६२ पासून १२ सेंट, १९६९ ला १५, १९७०च्या दशकात २०, २५, ३०, ३५ असं वर चढत १९७९ ला ४० सेंट. डेल या कंपनीनं तेवढं मध्येच १९६१ च्या सुमारास १५ सेंट लावले आणि मग १२ वर उतरली, तेव्हा डेलचा १५ सेंटवाला अंक हातात आला तर त्याला १९६९ चा समजू नका. छापील तारीख पहिल्या पानाच्या तळाशी किंवा कव्हरच्या आतल्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरात सापडते. ती तारीख दोन-तीन महिने पुढची असते. अंक दुकानात जास्त दिवस ताजा दिसावा म्हणून तसं छापत.

दुसरी खूण, कव्हरच्या वरच्या कोपऱ्यात टपाल तिकिटासारखा छोटा शिक्का. १९५४ साली अमेरिकेत कॉमिक्समुळं पोरं बिघडतात म्हणून मोठा गदारोळ झाला आणि प्रकाशकांनी स्वतःच कॉमिक्स कोड नावाची नियमावली करून घेतली. शिक्का दिसला म्हणजे अंक १९५५ किंवा त्यानंतरचा. डेलनं तो शिक्का कधीच घेतला नाही, आपला माल मुळातच सोज्वळ आहे असं त्यांचं म्हणणं. १९६२ मध्ये डेलपासून वेगळं होऊन निघालेल्या गोल्ड कीवरही तो नसतो. या दोघांशिवाय इतर कुठल्या कंपनीचा वेस्टर्न अंक बिनशिक्क्याचा मिळाला तर तो बहुधा त्याआधीचा. मग जपून हाताळा.

मापट्टीही जवळ ठेवा. १९४०च्या दशकातला अंक सुमारे पावणेआठ इंच रुंद, १९७०च्या दशकातला पावणेसातच्या आसपास. पावणेआठचा असायला हवा तो अंक सातचा भरला, तर त्याला बाइंडरकडची कात्री लागलेली आहे. आपल्याकडच्या भाड्याच्या वाचनालयांची ही सवयच: पाच-सहा अंक एकत्र शिवायचे, तिन्ही बाजूंनी कटिंग मारायचं, वर पुठ्ठा, पहिल्या पानावर जांभळा शिक्का. संग्राहक अशा बांधणीकडं बघून नाक मुरडतात. मी मुरडत नाही. बांधलेल्या गठ्ठ्यात मधलं पान कधी हरवत नाही, फक्त कडेला असलेले बोलण्याचे फुगे अर्धे कापलेले असतात.

आपल्याकडं इंग्लंडमार्गे आलेला माल निराळा. युद्धानंतर साधारण १९५९ पर्यंत तिकडं अमेरिकन कॉमिक्सच्या आयातीवर बंधनं होती, म्हणून तिथले प्रकाशक परवानगी घेऊन तेच अंक स्वतः छापत. कव्हर रंगीत, आत काळं-पांढरं, किंमत पेन्समध्ये. पुढं मार्व्हलचे अंक थेट यायला लागले, त्यांच्यावर सेंटऐवजी ९ पेन्स छापलेले सापडतात. आणि तिसरी जात म्हणजे खिशात मावणारी ‘काउबॉय पिक्चर लायब्ररी’. १९५० ते १९६२ ही मालिका चालली. अंकाला ६४ पानं, पानावर बहुधा दोन चित्रं, बक जोन्स आणि किट कार्सन हे नेहमीचे नायक. आकारानं इवलीशी म्हणून लोक ती पंचांगांच्या गठ्ठ्यात बांधून टाकतात. पंचांगं वजनावर घालण्याआधी सोडून बघा.

कंपन्या पटापट

डेलच्या कव्हरवर बहुतेक वेळा सिनेनटाचा फोटो: रॉय रॉजर्स, जीन ऑट्री. मुखवटा घातलेला लोन रेंजरही त्यांचाच, १९४८ ते १९६२, १४५ अंक. फॉसेटकडं हॉपलाँग कॅसिडी होता; नायक म्हणजे पांढरे कपडे असं ज्यांना वाटतं त्यांनी हा बघावा, अंगावर नखशिखांत काळे कपडे, फक्त टॉपर नावाचा घोडा पांढरा. फॉसेटनं कॉमिक्स बंद केल्यावर १९५४ मध्ये तो डीसीकडं गेला. मार्व्हलची म्हणजे त्यांची सगळी ‘किड’ मंडळी: टू-गन किड, किड कोल्ट, रॉहाइड किड. चार्लटनचा कागद आणि छपाई दोन्ही हलकी, पण अंक भरपूर सापडतात आणि शिकाऊ माणसानं हाताळायला तेच बरे.

१९७०च्या दशकातल्या मार्व्हलच्या वेस्टर्न अंकांत बहुतेक गोष्टी जुन्याच पुन्हा छापलेल्या आहेत. हे ऐकून काही लोक ते अंक ठेवून देतात. वाचायचंच असेल तर तोटा काय? वीस वर्षांपूर्वीची महाग गोष्ट स्वस्तात हाती येते.

साहसकथा वाचताना

मार्व्हलच्या अंकात साधारण पाच-सात पानांच्या तीन-चार गोष्टी असतात. पाच पानांत माणूस गावात येतो, गैरसमज होतो, मारामारी होते, गैरसमज फिटतो, माणूस निघून जातो. गोष्टीत काय होणार हे तुम्हाला माहीतच आहे. म्हणून ‘काय’ सोडून ‘कसं’ बघायचं. रॉहाइड किडचा १७ वा अंक, ऑगस्ट १९६०, इथून लेखक स्टॅन ली आणि चित्रकार जॅक कर्बी यांनी त्याला नव्यानं उभं केलं. हा किड अंगापिंडानं लहान. प्रत्येक गावात कुणीतरी आडदांड त्याला हिणवतो आणि पुढच्या पानावर दारूच्या गुत्त्यातल्या टेबलाखुर्च्यांसकट उडतो. कर्बीची ही मारामारी एका दमात बघून पान उलटू नका. खासबागेतली कुस्ती बघणारा म्हातारा जसा हात कुठं गेला, पाय कुठं अडकवला हे बघतो, तसं एकेक चौकट धरून बघा: पहिल्या चौकटीत ज्याला ढकललं तो तिसऱ्या चौकटीत कुणावर जाऊन पडलाय, ते चित्रात दाखवलेलं असतं.

पोरांबरोबर वाचत असाल तर गोळ्या मोजायचा खेळ लावा. त्या काळचं प्रसिद्ध कोल्ट रिव्हॉल्व्हर १८७३ चं, त्यात सहा गोळ्या मावतात. शहाणी माणसं चुकून उडू नये म्हणून एक घर मोकळंच ठेवत, म्हणजे पाच. नायकानं न भरता सातवी गोळी झाडली की मोठ्यानं ओरडायचं. माझी नात यात इतकी तरबेज झाली आहे की ती गोष्ट ऐकतच नाही, नुसत्या गोळ्या मोजते. आवाज काढून वाचायचं असेल तर आपल्याच भाषेत वाचा. गुत्त्यातला दांडगा रॉहाइड किडला म्हणतो तेव्हा मी म्हणते, “काय रं बारक्या, दूध पिऊन आलास न्हवं?” आणि किड शांतपणे, “व्हय. तुमास्नी बी पाजू का?” छापलंय त्याच्याशी ते जुळत नाही, पण पोरं त्यावरच हसतात.

एक हिशेब मला फार आवडतो. किड कोल्टचा अंक १९४८ ते १९७९ चालला, अमेरिकन वेस्टर्न कॉमिक्समध्ये सगळ्यात जास्त काळ. बापाच्या खुन्याला मारून फरार झालेलं हे पोरगं एकतीस वर्षं पळत होतं आणि पोरगंच राहिलं. खरे काउबॉय टेक्ससमधून कॅन्ससच्या रेल्वेपर्यंत गुरं हाकत नेत, तो धंदा १८६७ च्या सुमाराला जोरात आला आणि १८८०च्या दशकाच्या मध्यात आटोपला. १८७४ मध्ये ग्लिडन नावाच्या माणसानं काटेरी तारेचं पेटंट घेतलं, रानं कुंपणात गेली, रेल्वे गुरांपर्यंत आली, आणि गुराख्याचं काम संपलं. म्हणजे खुद्द काउबॉयांचा काळ किड कोल्टच्या फरारीपेक्षाही छोटा. हे एकदा डोक्यात बसलं की साहसकथा आपोआप थोडी विनोदी व्हायला लागते, आणि विनोदी काउबॉय कथा लिहिणाऱ्यांनी नेमकं हेच ओळखलं होतं. सामान तेच: गुत्ता, शेरीफ, तुरुंग, कफनवाला, उशिरा येणारी आगगाडी. फक्त कुणीतरी मध्येच विचारतं, की बाबा, या गावात रोज दोन माणसं मरतात तर गावात राहिलंय कोण?

विनोदाची पानं

सुरुवात जोडीदारापासून करा. नायक रुबाबदार असला की त्याच्याबरोबर एक दाढीवाला, बोळक्या तोंडाचा, सतत कुरकुरणारा म्हातारा लागतोच. पडद्यावर गॅबी हेजनं ते काम इतकं केलं की १९४८ मध्ये फॉसेटनं त्याच्याच नावानं कॉमिक काढलं. जाडजूड स्मायली बर्नेटचंही काढलं. हे अंक साहसी म्हणून विकले जात, पण मन लावून वाचाल तर म्हातारा प्रत्येक संकटात आधी स्वतःच्या जेवणाची चौकशी करतो. मला यातला कुठलाही नायक एका ओळीत सांगता येतो. गॅबी तेवढा नाही येत.

मग एका पानाचे विनोद. त्यांना वाचायची पद्धत अशी: शेवटच्या चौकटीवर अंगठा ठेवा आणि पुढं काय होईल ते आधी सांगा. सांगता आलं तर विनोद सामान्य. नाही आलं तर अंगठा उचलल्यावर आधी चित्र बघा, शब्द नंतर. चांगल्या विनोदात शब्दांच्या आधी चित्र हसवतं.

इंग्लंडातून आलेल्या गठ्ठ्यात ‘डॅण्डी’ हे साप्ताहिक कॉमिक सापडलं तर त्यात डेस्परेट डॅन शोधा. ४ डिसेंबर १९३७ च्या पहिल्याच अंकापासून हा आहे. काढणारा डडली वॉटकिन्स, छापणारी स्कॉटलंडमधल्या डंडी गावची डी. सी. थॉमसन कंपनी. जगातला सगळ्यात ताकदवान काउबॉय. दाढी करतो ती लोहाराच्या ब्लोटॉर्चनं. अ‍ॅगी मावशी त्याला अख्खी गाय कणकेच्या पारीत भरून भाजून घालते (इंग्रजीत ‘काउ पाय’), वरून शिंगं बाहेर आलेली. (आमच्या शेजारच्या काकूंनी हे चित्र बघून पुस्तकाला पुन्हा हात लावला नाही.) पण खरी गंमत त्याच्या गावात आहे. गावाचं नाव कॅक्टसव्हिल, गाव म्हणे जंगली पश्चिमेतलं, आणि रस्त्यावर दिवे, पत्रपेट्या, घरं सगळी इंग्लंड-स्कॉटलंडातली. वॉटकिन्सनं अमेरिका शोधायची तसदीच घेतली नाही; काउबॉय आपल्या गल्लीत आणून सोडला. पोरांना काउबॉय काढायला बसवणार असाल तर हाच धडा द्या. वाळवंट आणि निवडुंग त्यांना येत नाहीत, सगळ्यांची वाळवंटं सारखीच निघतात. घोडा महाद्वार रोडवर दिवाळीच्या गर्दीत अडकवायला सांगा. हॉर्न कोण वाजवतंय, घोड्याची शेपटी कुणाच्या भेळेत गेली, शेरीफ पार्किंगची पावती कुठं शोधतोय हे पोरं न सांगता काढतात.

आता लकी ल्यूक. याच्यावर मी जास्त वेळ घालवणार, कारण साहस आणि विनोद दोन्ही एकाच अंकात बघायचे असतील तर हाच. बेल्जियमच्या मॉरिस या चित्रकारानं १९४६ मध्ये या काउबॉयला जन्म दिला, १९५५ पासून १९७७ पर्यंत रेने गोसिनीनं गोष्टी लिहिल्या. आपल्याकडं इंग्रजी अनुवाद मिळतात. तमिळ वाचकांना तर तो लायन-मुथू कॉमिक्समधून वर्षानुवर्षं घरच्यासारखा आहे. स्वतःच्या सावलीपेक्षा जलद गोळी झाडतो, आणि घोडा जॉली जम्पर बुद्धिबळ खेळतो. १९८३ पासून त्याच्या ओठातली सिगारेट गेली आणि गवताची काडी आली, तेव्हा नुसत्या ओठाकडं बघूनही गोष्ट आधीची की नंतरची हे सांगता येतं.

डाल्टन बंधूंची गोष्ट बघा. खरी डाल्टन टोळी होती. ५ ऑक्टोबर १८९२ ला कॅन्ससमधल्या कॉफीव्हिलमध्ये एकाच वेळी दोन बँका लुटायला गेले आणि गावकऱ्यांनी त्यांचा निकाल लावला, एमेट डाल्टन तेवढा वाचला. मॉरिसनं सुरुवातीच्या एका गोष्टीत त्या खऱ्या डाल्टनांना मारूनच टाकलं. मग लक्षात आलं की चौघं कामाची होती. म्हणून त्यांचे चुलतभाऊ आणले: ज्यो, विल्यम, जॅक आणि अ‍ॅव्हरेल, उंचीप्रमाणं उतरंड, सगळ्यात बुटका तो सगळ्यात डोक्यानं तापट, सगळ्यात उंच तो सगळ्यात बिनडोक आणि सदा भुकेला. वाचताना चौघांच्या टोप्यांवरून नजर तिरकी फिरवा. ती तिरपी रेघ मोडलेली दिसली, कुणी खाली वाकलेलं किंवा कुणी खड्ड्यात उभं, की विनोद तिथं आहे. तुरुंगातला रँटनप्लान हा कुत्रा म्हणजे सिनेमातल्या रिन टिन टिन या हुशार कुत्र्याची टर. रिन टिन टिनची स्वतःची कॉमिक्स डेलनं काढली होती, दोन्ही शेजारी ठेवून वाचायला मिळाली तर सोन्याहून पिवळं. आणि मागं बघायला विसरू नका. नायकाशी कुणी भांडायला लागलं की मागच्या बाजूला कफनवाला टेप घेऊन माप काढत असतो.

अमेरिकनांनी विनोदी काउबॉय केलेच नाहीत असं नाही. वर्तमानपत्रांत १९५८ पासून स्टॅन लिंडचा रिक ओ’शे होता, १९६५ पासून टॉम रायनचा टम्बलवीड्स. छोट्या पडद्यावरचा क्विक ड्रॉ मॅकग्रॉ डेल आणि गोल्ड की दोघांनीही छापला. तिथं घोडाच शेरीफ आहे आणि त्याचा मदतनीस गाढव. पण मला शोधायला सांगाल तर बॅट लॅश. डीसीच्या ‘शोकेस’चा ७६ वा अंक, ऑगस्ट १९६८. टोपीत फूल, उत्तम स्वयंपाकाचा शौकीन, आपण शांतताप्रिय माणूस आहोत असं सांगत सांगत गावभर गोंधळ घालणारा. कथेत सर्जिओ अ‍ॅरागोनेसचा हात, चित्रं निक कार्डीची. स्वतंत्र मालिकेचे सातच अंक निघाले. कार्डीची पानं गडबडीत वाचू नका, कडेच्या माणसांचे चेहरे बघा.

एक गोष्ट पोरांना देण्याआधी मोठ्यांनी बघून घ्यावी. या सगळ्या कॉमिक्समध्ये तिथल्या मूळ रहिवाशांना मोडकंतोडकं बोलायला लावलेलं असतं, लोन रेंजरचा त्यांच्यातलाच साथीदार टॉन्टो, त्यालासुद्धा. खरे काउबॉय पुष्कळसे काळे आणि मेक्सिकन होते, जुन्या कॉमिक्समध्ये ते क्वचितच दिसतात. मी ती पानं लपवत नाही. नातीला सांगते, काढणाऱ्यानं यांना कधी भेटून बघितलेलं नाही. आवाज काढून वाचताना टॉन्टोला मी नीट, शुद्ध बोलायला लावते आणि त्याला बंदूक रोखणाऱ्या गुंडाला बोबडा करते.

पाऊस, कसर आणि पाणी

स्वस्त कागदात आम्ल असतं, तो आपणहून पिवळा पडून ठिसूळ होतो. ते थांबवता येत नाही, लांबवता येतं. जून ते सप्टेंबर कोल्हापूरच्या हवेत भिंतसुद्धा घाम सोडते, तेव्हा कॉमिक्स बाहेरच्या भिंतीला टेकून ठेवू नका. माळा नको, पत्र्याखाली उन्हाळ्यात कागद भाजतो. जमीन नको. आतल्या भिंतीचं कपाट, खालून दुसरा-तिसरा कप्पा, अंक उभे, मध्ये पुठ्ठा. प्लॅस्टिक पिशवीला नव्या रेनकोटसारखा वास येत असेल तर ती नको, त्यातली रसायनं कागदाला चिकटतात. डांबरगोळी कापडात बांधून कोपऱ्यात, कागदाला लागून नाही. कडुलिंबाचा ओला पाला अजिबात नको, हिरवे डाग पडतात. पावसाळ्यात ऊन पडेल त्या दिवशी कपाट उघडं ठेवा, अंक मात्र उन्हात घालू नका.

सेलोटेप नाही, लॅमिनेशन नाही, इस्त्री नाही. पिन गंजली असेल तर मागच्या बाजूनं पाय सरळ करून हळूच काढा आणि त्याच भोकांतून पांढरा सुती दोरा सैल ओवून ठेवा. विकायचा भारी अंक असेल तर पिनेलाही हात लावू नका, घेणारा गंज चालवून घेतो, बदललेली पिन नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं, त्यानंतर भिजलेले गठ्ठे दुकानात यायला लागले. भिजलेलं कॉमिक उघडायचं नाही, पानं सोलवायची तर मुळीच नाही. गुळगुळीत कव्हरं एकमेकांवर वाळली की दगड होतात, म्हणून ओली असतानाच अंक एकमेकांपासून वेगळे करा, सपाट ठेवा, वर-खाली टिपकागद किंवा साधा पांढरा कागद, तो ओला झाला की बदला. छापील वर्तमानपत्र वापरू नका, शाई उतरते. पंखा लांबून लावा. दोन दिवसांत वाळणार नाहीत इतके असतील तर पिशवीत घालून सरळ डीप फ्रीजमध्ये टाका. गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही, मग सवडीनं दोन-दोन काढून वाळवता येतात. घरात मासे आणि कॉमिक एका फ्रीजमध्ये बघून आरडाओरडा होईल तो सोसावा लागेल.

घेताना

माझ्याकडं येणाऱ्या पोरांना मी सांगते, एक चांगला अंक शोधू नका, गठ्ठा मागा. काउबॉय जपणारा माणूस एकच काउबॉय जपत नाही. जिथं अंक सापडला त्या घरी “अजून काय आहे का ओ मावशी, फाटकं बी चालेल” असं विचारा. फाटक्यांतूनच सुटी पानं मिळतात, आणि मधलं पान गेलेल्या दुसऱ्या एखाद्या अंकाची भर होते. नाव-शिक्के असतील तर खोडायला लावू नका. इंटरनेटवरचे डॉलरमधले भाव दाखवून घासाघीस करू नका. ते भाव कोऱ्या अंकांचे असतात आणि दुकानदार तेवढ्यावरून हट्टाला पेटतो. जे बघायचं ते काट्याशेजारी उभं राहून तिथंच बघा: पत्रं मोजा, रुंदी मोजा, किंमत आणि शिक्का बघा. आणि भाव ठरला की पैसे तिथंच द्या. “उद्या येतो वहिनी” म्हणालात तर संध्याकाळी भेळवाला आपला महिन्याचा कागद न्यायला येतो, आणि दुकानात मी नसले तर आमचा पोऱ्या कव्हर बघून काही वेगळं काढत नाही.